लँडस्केपसाठी वाइड अँगल झूम लेन्स घेण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लँडस्केपचं वेड लागलं की कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सनंतर पहिली नजर वाइड अँगल झूमकडे जाते. ही खरेदी चुकलेली मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि चूक बहुधा लेन्सची नसते. आपल्याला तिच्याकडून काय हवंय हे न ठरवता आकड्यांवर भाळून ती घेतलेली असते. म्हणून इथे आकडे येतील, पण प्रत्येक आकड्याचा फोटोत काय फरक पडतो हेही सोबत येईल.

मला वाइड अँगल लेन्स खरंच हवी आहे का?

याचं उत्तर चुकलं तर पुढच्या प्रश्नांना अर्थच उरत नाही, म्हणून हा पहिला. बहुतेक जण म्हणतात, "डोंगर फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून वाइड हवी." डोंगर मावेल, पण टेकाडाएवढा दिसेल. १६ मिमीला (हा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंथ; तो जितका लहान तितकं जास्त रुंद दृश्य) सगळं मावतं आणि सगळंच लहान होतं: वर रिकामं आकाश, खाली रिकामी जमीन आणि मधे डोंगरांची बारीक रेघ. ज्या दृश्याचा जीव लांबच्या कड्यांमध्ये आहे, तिथे ७०-२०० सारखी, लांबचं जवळ आणणारी टेली झूम जास्त कामाची.

वाइड लेन्स जवळ जाण्यासाठी असते. समजा, एक खडक तुमच्यापासून १ मीटरवर आहे आणि मागचा डोंगर २ किलोमीटरवर. तुम्ही अर्धा मीटर पुढे सरकलात की खडक फ्रेममध्ये दुप्पट मोठा होतो. डोंगराला त्या अर्ध्या मीटरचं काहीच वाटत नाही, तो होता तेवढाच राहतो. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण कसं दिसेल, हे कॅमेरा कुठे ठेवलाय त्यावर ठरतं, फोकल लेंथवर नाही. वाइड लेन्सची करामत एवढीच की इतक्या जवळ गेल्यावरही मागचा डोंगर आणि वरचे ढग फ्रेमबाहेर जात नाहीत. पायाशी असलेल्या शेवाळापासून क्षितिजापर्यंतची खोली एकाच चौकटीत पकडायची असेल तर या लेन्सला पर्याय नाही.

मी वाइड घेतली तेव्हा पहिले कित्येक महिने उभ्या उंचीवरूनच फोटो काढत राहिलो आणि एकही फोटो मनासारखा आला नाही. एका सकाळी पाऊस थांबल्यावर डबक्याशेजारी गुडघे टेकले, ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरून कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर आणला. त्या दिवशी ही लेन्स मला कळली.

तुमच्या जुन्या फोटोंवरूनही अंदाज घेता येतो. संगणकावर ते फोकल लेंथप्रमाणे लावा आणि सर्वांत वाइड टोकाला काढलेले बघा. त्यात पुढे काही ठळक आहे का? त्याच्या आणखी जवळ जायचं होतं, पण मागचं कापलं जात होतं, असं आठवतंय का? असेल तर लेन्स घ्या. "अजून थोडं इकडे-तिकडे मावलं असतं तर बरं झालं असतं" एवढंच वाटत असेल, तर आधी कॅमेरा उभा धरून चार-पाच फोटो काढा आणि पॅनोरमा जोडून बघा. त्याला काही खर्च नाही.

वाइड अँगल म्हणजे नेमकं किती मिलिमीटर?

फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिमीचा सेन्सर धरला तर ३५ मिमीपासून खाली वाइड सुरू होतं, आणि साधारण २० मिमीच्या खाली अल्ट्रा वाइड म्हणतात. आडव्या फ्रेमच्या रुंदीत किती अंश दिसतं ते असं: ३५ मिमीला सुमारे ५४ अंश, २४ ला ७४, २० ला ८४, १६ ला ९७, १४ ला १०४ आणि १२ ला ११३.

या बाजूला प्रत्येक मिलिमीटर मोलाचा असतो, हे या आकड्यांवरून लक्षात येईल. १६ वरून १४ वर आलात तर ७ अंशांहून जास्त भर पडते. टेली लेन्सवर ७२ वरून ७० वर येण्याने एक अंशही वाढत नाही. त्यामुळे "१६ काय आणि १७ काय" असं इथे म्हणता येत नाही.

माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा आहे. मग?

मग वरचे आकडे भागून घ्या. निकॉन, सोनी, फुजीफिल्मच्या क्रॉप बॉडींसाठी १.५, कॅननसाठी १.६, त्याहून लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांसाठी २. फुल फ्रेमवर १६-३५ जे दाखवते ते बघायला १.५ क्रॉपवर साधारण १०-२४ लागते. फुजीफिल्मची १०-२४ एफ/४ नेमकी त्याच मापाची आहे (एफचा आकडा लेन्सचं छिद्र किती उघडतं ते सांगतो; आकडा लहान तर प्रकाश जास्त). कॅननची ईएफ-एस १०-१८ अवघी २४० ग्रॅम, निकॉनची डीएक्स १०-२० एफ/४.५-५.६ फक्त २३० ग्रॅम. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, क्रॉप बॉडींसाठी सिग्माची १०-१८ एफ/२.८ २६० ग्रॅमची आणि टॅमरॉनची ११-२० एफ/२.८ ३३५ ग्रॅमची आहे. मायक्रो फोर थर्ड्सवर पॅनासॉनिकची ८-१८ म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबाने १६-३६.

"पुढे कधीतरी फुल फ्रेम घेणार, म्हणून आत्ताच १६-३५ घेऊन ठेवतो," हा विचार करू नका. क्रॉप बॉडीवर ती २४-५२ सारखी वागते, म्हणजे ज्या कामासाठी घेतली तेच काम होत नाही. आज हातात जो कॅमेरा आहे त्याला साजेशी लेन्स घ्या. ती नंतर विकताही येते.

१४-२४ घ्यावी की १६-३५?

सर्वांत जास्त घोळ याच प्रश्नावर होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१४-२४ एफ/२.८ या प्रकाराला नाव मिळालं ते निकॉनच्या २००७ च्या लेन्समुळे. इतकी वाइड झूम कोपऱ्यांपर्यंत एवढी धारदार असू शकते, हे तिने दाखवून दिलं. पण ती जवळजवळ १ किलोची आहे आणि पुढची काच बाहेर फुगलेली असल्याने साधा स्क्रू फिल्टर तिला बसतच नाही. २०२० च्या झेड माउंट (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जोडणी; झेड निकॉनच्या मिररलेसची) आवृत्तीचं वजन ६५० ग्रॅमवर आलं आणि फिल्टरची सोयही झाली, मात्र तो फिल्टर ११२ मिमीचा आणि तोही वेगळ्या हुडवर, म्हणजे लेन्सच्या पुढच्या आच्छादनावर, लावायचा.

१६-३५ मध्ये तुम्ही २ मिमी सोडता आणि त्या बदल्यात दुसऱ्या टोकाला २४ च्या पुढचे ११ मिमी कमावता. हे ११ मिमी फार कामाचे आहेत. १४-२४ ची सगळी रेंज टोकाचीच आहे, त्यामुळे दृश्य साधं असलं की लेन्स बदलावी लागते, आणि वारा-पाऊस-वाळू असलेल्या जागी लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर धूळ घेणं. १६-३५ एकदा लावली की पहाटेपासून ऊन चढेपर्यंत काढायची गरज पडत नाही. शिवाय तिला ७७ किंवा ८२ मिमीचे नेहमीचे फिल्टर चालतात.

माझं मत स्पष्ट आहे: पहिली वाइड झूम १६-३५ च्या घरातलीच असावी. १४ मिमी सांभाळायला कठीण असते. पुढच्या वस्तूपासून दोन वीत मागे राहिलात तरी फ्रेम रिकामी पडते, ट्रायपॉडचा पाय आणि स्वतःची सावली फोटोत येते. ती लेन्स हवीच आहे असं वाटायला लागेल, तेव्हा का हवी आहे हेही तुम्हाला कळलेलं असेल.

मधला मार्गही आहे. निकॉन झेड १४-३० एफ/४ फक्त ४८५ ग्रॅमची आणि तिला सपाट ८२ मिमीचा फिल्टर बसतो. कॅननची आरएफ १४-३५ एफ/४ ५४० ग्रॅमची, फिल्टर ७७ मिमीचा. या दोन लेन्सनी हा वाद बराच मिटवला आहे. अशा लेन्समध्ये टोकाच्या वाइडला वस्तूंच्या कडांना बाक येतो आणि तो सॉफ्टवेअरने सरळ केला जातो. कॅननच्या १४ मिमीला हा बाक बराच असतो. लँडस्केपमध्ये त्याचा जाच होत नाही, पण कोपरे थोडे ताणले जातात एवढं ध्यानात असू द्या.

११-२४ किंवा १२-२४ सारख्या लेन्स फार थोड्या लोकांना लागतात. कॅननची २०१५ ची ११-२४ एफ/४ १,१८० ग्रॅमची आहे. ती पाठीवर घेऊन चार तास चढायचं आहे का, याचं उत्तर घरी बसून देऊ नका.

एफ/२.८ की एफ/४?

दिवसाउजेडी ट्रायपॉडवर लँडस्केप काढणाऱ्याने एफ/४ घ्यावी. आपण काम करतो एफ/८ ते एफ/११ वर, आणि तिथे दोन्ही लेन्स जवळपास सारख्याच दिसतात. मग एका स्टॉपसाठी, म्हणजे दुप्पट प्रकाशासाठी, किती वजन वाहायचं? कॅननची आरएफ १५-३५ एफ/२.८ ८४० ग्रॅमची, तर १४-३५ एफ/४ ५४० ची. सोनीची १६-३५ एफ/२.८ जीएम २ ५४७ ग्रॅमची, तर पॉवर झूम असलेली १६-३५ एफ/४ जी ३५३ ची. वाचलेल्या ग्रॅममध्ये आणि पैशांत चांगला ट्रायपॉड बसतो, आणि फोटो जास्त सुधारतो तो ट्रायपॉडने.

एफ/२.८ खऱ्या अर्थाने लागते ती रात्रीच्या आकाशासाठी. तारे सरकतात, म्हणून शटर हवा तितका वेळ उघडा ठेवता येत नाही. जुना ठोकताळा आहे ५०० चा: ५०० ला फोकल लेंथने भागा, येतील तितके सेकंद. १६ मिमीला सुमारे ३१ सेकंद. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्यात ताऱ्यांच्या रेघा दिसू लागतात, म्हणून मी ३०० ने धरतो, म्हणजे जेमतेम १९ सेकंद. वेळ अशी बांधलेली असताना एफ/४ वर निम्माच प्रकाश येतो. जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० पुरलं असतं तिथे ६४०० लागतं.

पण आकाशगंगेचेच फोटो काढायचे असतील तर एफ/२.८ झूमपेक्षा मला दुसरी जोडी आवडते: एफ/४ झूम आणि सोबत २० मिमी एफ/१.८ प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. एफ/१.८ वर एफ/४ च्या जवळपास पाचपट प्रकाश मिळतो, एफ/२.८ वर फक्त दुप्पट. सोनीची अशी २० मिमी ३७३ ग्रॅमची आहे. म्हणजे दिवसा हलकं ओझं आणि रात्री अधिक प्रकाश.

फिल्टर लावता येणं इतकं महत्त्वाचं का मानतात?

कारण लँडस्केपमधले काही परिणाम संगणकावर नंतर आणता येत नाहीत.

पहिला पोलरायझर. ओल्या पानांवरची, खडकांवरची आणि पाण्यावरची चकाकी तो कापतो आणि खालचा खरा रंग वर येतो. ओल्या जंगलात मी तो काढतच नाही. पण वाइड लेन्सवर निळ्या आकाशासाठी वापरताना जपून. पोलरायझरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतो आणि इकडे-तिकडे कमी होत जातो. १६ मिमीची फ्रेम ९७ अंशांची, त्यामुळे आकाशाचा एकच पट्टा गडद निळा आणि बाकीचं फिकं असा डाग पडतो. तो नंतर नीट पुसता येत नाही.

दुसरा एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच. वाहतं पाणी रेशमासारखं आणि ढग ओढल्यासारखे दिसतात ते याच्यामुळे. ६ स्टॉपचा एनडी वेळ ६४ पट करतो, १० स्टॉपचा सुमारे १,००० पट. १/३० सेकंदाचं एक्स्पोजर पहिल्याने २ सेकंद होतं, दुसऱ्याने अर्ध्या मिनिटाहून थोडं अधिक.

ग्रॅज्युएटेड एनडीची, म्हणजे वर गडद आणि खाली स्वच्छ असलेल्या काचेची, गरज मात्र आता कमी झाली आहे. आजचे सेन्सर सावलीतला तपशील बराच सांभाळतात, आणि नाही सांभाळला तर दोन-तीन वेगवेगळी एक्स्पोजर काढून जोडता येतात. मी माझे कधीच देऊन टाकले.

आता हे लेन्सच्या निवडीशी कसं जोडलेलं आहे ते बघा. सपाट काचेच्या लेन्सला स्क्रू फिल्टर चालतो किंवा चौकोनी काचा धरणारा १०० मिमीचा होल्डर. फुगीर काचेच्या बऱ्याच लेन्सना १५० मिमीच्या काचा आणि तेवढाच मोठा होल्डर लागतो, आणि ते सगळं बॅगेत एका लेन्सची जागा खातं. काही लेन्सना मागच्या बाजूला जिलेटिनचा तुकडा सरकवायची सोय असते. तिथे एनडी चालतो, पण पोलरायझर फिरवून बघायची सोय नसते. लेन्सचा खर्च मोजताना फिल्टरचा खर्च त्यात धरा, नाहीतर हिशेब चुकतो.

एक जुनी युक्ती: फिल्टर सर्वांत मोठ्या मापाचा, बहुधा ८२ मिमीचा, एकदाच चांगला घ्या आणि लहान लेन्सना तो बसवण्यासाठी स्टेप-अप रिंग (जोडकडी) वापरा. १६ मिमीवर दोन फिल्टर एकावर एक चढवू नका, कोपऱ्यांत काळं येतं. फिल्टरची कड पातळ असलेलीच बघा.

कोपरे धारदार हवेत म्हणतात. ते कसं तपासायचं?

नवी असो वा जुनी, लेन्स हातात आली की परत करायची मुदत संपण्याआधी एक तास द्या. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. लांबचं, बारीक तपशिलाचं काहीतरी निवडा: झाडांची रांग किंवा इमारती, शंभरेक मीटरवरच्या. लेन्सच्या वाइड टोकाला, मधे आणि लांब टोकाला, एफ/४ आणि एफ/८ वर फोटो काढा. फोकस मध्यावर. मग तीच वस्तू चारही कोपऱ्यांत आणून फोटो काढा आणि १०० टक्क्यांवर बघा.

चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे, एफ/८ ला बहुतेक सुधारतो. डावीकडचे दोन कोपरे चांगले आणि उजवीकडचे पुसट असं असेल, तर आतली एखादी काच तिरकी बसली आहे. याला डिसेंटरिंग म्हणतात आणि ते एफ/८ वरही जात नाही. अशी लेन्स बदलून घ्या, संकोच करू नका. एका नव्या लेन्सचा उजवा खालचा कोपरा असा निघाला होता. मला वाटलं माझंच फोकसिंग चुकतंय, आणि त्यात मुदत निघून गेली.

भिंतीचा फोटो काढून परीक्षा घेऊ नका. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर ठेवणं अवघड असतं, आणि वाइड लेन्सचं फोकसचं प्रतल अनेकदा वाकलेलं असतं. त्यामुळे चांगली लेन्सही नापास वाटते.

आणखी एक. फ्रेमच्या कडेला उभा असलेला माणूस रुंद दिसतो, कोपऱ्यातलं झाड बाहेर ओढल्यासारखं वाटतं, हा लेन्सचा दोष नाही. इतका मोठा कोन सपाट चौकटीत सरळ रेषा सरळ ठेवून उतरवायचा म्हटलं की कडा ताणल्या जाणारच. सर्वांत महागड्या लेन्सवरही ते होतं.

सगळं फोकसमध्ये हवं म्हणून एफ/२२ वापरलं तर?

फोटो मऊ होईल. छिद्र लहान झालं की प्रकाश पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. हिरव्या प्रकाशासाठी एका बिंदूचा ठिपका एफ/८ ला सुमारे ११ मायक्रॉनचा होतो, एफ/१६ ला २१ चा, एफ/२२ ला ३० चा. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ४.४ मायक्रॉनचा असतो. ही लेन्सची चूक नाही, प्रकाशाचाच गुण आहे, त्यामुळे जास्त पैसे मोजूनही ती टळत नाही.

वाइड लेन्सवर तसं करायची गरजही नसते. १६ मिमी, एफ/८, फोकस साधारण १.१ मीटरवर: अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं ठीक दिसतं. २४ मिमीला तोच फोकस २.४ मीटरवर न्यावा लागतो. हे आकडे ०.०३ मिमीच्या ढोबळ मापावर काढलेले आहेत, म्हणजे सेन्सरवर तेवढ्यापर्यंतचा पुसट ठिपका धारदार मानून. मोठी प्रिंट काढणार असाल तर ते सैल पडतात आणि लांबचा डोंगर किंचित मऊ येतो. मी फोकस दुपटीने लांब ठेवतो, आणि पुढे अगदी जवळ काही असेल तर त्याच्यासाठी वेगळा फोटो काढून दोन्ही जोडतो.

खरेदी करताना यातून एकच बघायचं: लेन्स किती जवळ फोकस करते. बऱ्याच १६-३५ सुमारे २८ सेंटिमीटरवर करतात, कॅननची आरएफ १४-३५ २० वर. हे अंतर सेन्सरपासून मोजतात, पुढच्या काचेपासून नव्हे, म्हणजे प्रत्यक्षात वस्तू काचेच्या आणखी जवळ येते. जवळ जाण्यासाठीच लेन्स घेतोय, तर हा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका.

सूर्य फ्रेममध्ये आल्यावर काय?

वाइड फ्रेममध्ये सूर्य येणारच, त्यामुळे फ्लेअर, म्हणजे थेट उजेडाने फोटोवर पडणारे डाग आणि धुरकटपणा, तपासा. सूर्य मध्यावर असताना बहुतेक लेन्स शहाण्यासारख्या वागतात, खरी परीक्षा तो कोपऱ्यात किंवा कडेच्या जरा बाहेर असताना होते. रंगीत ठिपके किती येतात, सावल्या धुरकट होतात का, हे बघा. वाइड लेन्सच्या हुडचा यात फारसा उपयोग होत नाही, तो उथळच असतो. बाहेरून हाताची सावली करणं जास्त चांगलं, फक्त बोटं फोटोत येऊ देऊ नका.

सूर्याची चांदणी ब्लेडच्या, म्हणजे लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) लहान-मोठं करणाऱ्या पात्यांच्या, संख्येवर ठरते. ब्लेड सम असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट: ८ ब्लेडना ८, ७ ना १४, ९ ना १८. संख्या कळली तरी किरण रेखीव येतील की बोजड, हे त्या लेन्सने काढलेले फोटो बघूनच कळतं. मला ही गोष्ट मनापासून आवडते आणि एका लेन्सची निवड मी यावरून केली आहे.

स्टॅबिलायझेशन हवं का?

स्टॅबिलायझेशन म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय. ट्रायपॉडवर ती नको, उलट बहुतेक लेन्सवर ती बंद करावी. ट्रायपॉड चालत नाही अशा ठिकाणी हातात धरून झऱ्याचं पाणी थोडं ओघळतं दाखवायला उपयोगी. बॉडीतच असेल तर लेन्समध्ये शोधू नका.

पावसात, समुद्राकाठी वापरायची आहे. वेदर सीलिंगवर किती भरवसा ठेवावा?

तुषार आणि भुरभुर यांच्यापुरता. माउंटजवळ रबराची बारीक कडी दिसते का बघा, तिच्याविना बाकीच्या सीलिंगला फारसा अर्थ नाही. काही लेन्सचं सीलिंग पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. बॉडीही सील केलेली हवी, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

खाऱ्या तुषारांनंतर लेन्स कोरडी पुसू नका, मिठाचे कण कोटिंग खरवडतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेलं कापड. थंडीतून उबदार खोलीत येताना बॅग बंदच ठेवा आणि आतली लेन्स खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा, म्हणजे काचेवर दव धरत नाही.

सेकंड हँड घेतली तर चालेल?

जरूर. लँडस्केपमध्ये ऑटोफोकसच्या वेगाला महत्त्व नाही, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची चांगली लेन्स आजही तितकीच चांगली आहे. कॅननची २०१४ ची ईएफ १६-३५ एफ/४ आयएस हे याचं उत्तम उदाहरण.

टॉर्च सोबत न्या. मागच्या बाजूने प्रकाश टाकून आत बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, तिथूनच परत फिरा. धुक्यासारखा पापुद्रा दिसला तरी तेच. दोन-चार धुळीचे कण असतील तर काही बिघडत नाही. पुढच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा असेल तर सूर्यासमोर सोडून एरवी दिसणार नाही, पण मागच्या काचेवरचा ओरखडा जास्त त्रास देतो. फिल्टरचा आटा फिरवून बघा. तो चेपलेला असेल तर लेन्स पडली आहे असं समजा आणि वर सांगितलेली कोपऱ्यांची परीक्षा घेतल्याशिवाय व्यवहार करू नका. झूम रिंग सगळीकडे सारखीच जड लागायला हवी. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल दिसता कामा नये.

डीएसएलआरची (आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) लेन्स मिररलेसवर चालेल का?

त्याच कंपनीच्या ॲडॅप्टरने छान चालते. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिमीवर असतो, मिररलेसच्या आरएफमध्ये २० वर. निकॉनच्या डीएसएलआरच्या एफमध्ये ४६.५, मिररलेसच्या झेडमध्ये १६. मधली मोकळी जागा ॲडॅप्टरची नळी भरून काढते, त्यात काच नसल्याने दर्जा घटत नाही. उलट दिशेने, म्हणजे मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर, हे होऊ शकत नाही. निकॉनच्या जुन्या, मोटर नसलेल्या ऑटोफोकस लेन्स एफटीझेड ॲडॅप्टरवर हाताने फोकस कराव्या लागतात. लँडस्केपला त्याची अडचण नाही.

सिग्मा, टॅमरॉन चालतील का?

चालतील. टॅमरॉनची १७-२८ एफ/२.८ ४२० ग्रॅमची, फिल्टर ६७ मिमीचा. सिग्माची १६-२८ एफ/२.८ ४५० ग्रॅमची, फिल्टर ७२ चा. दोन्ही २८ ला थांबतात, इथेच त्यांचं वजन वाचलं आहे. तुमच्याकडे २४ किंवा २८ पासून सुरू होणारी दुसरी झूम असेल तर काही उणं पडत नाही. तुमच्या माउंटमध्ये ती लेन्स मिळते का, ते मात्र आधी बघा.

लेन्स आली. पहिल्या दिवशी काय करू?

झूम रिंग सर्वांत वाइड टोकाला नेऊन तिथेच ठेवा. जवळच्या एखाद्या मोकळ्या जागी जा आणि पायाशी काहीतरी शोधा: गवताचा झुपका, भेगाळलेली माती, वाळूतली लाटेची खूण. कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणा, वस्तूपासून हातभर अंतरावर, आणि फोटो काढा. मग त्याच्या निम्म्या अंतरावर. मग लेन्स जेवढी फोकस करेल तेवढ्या जवळ. तिन्ही फोटो शेजारी ठेवून मागचं क्षितिज बघा, ते तिन्हींत तेवढंच असेल.

दुसऱ्या फेरीत कॅमेरा समतल ठेवा आणि मग थोडा खाली झुकवा. झाडं आणि खांब वर जाताना बाहेर फाकतील, कॅमेरा वर उचललात तर आत झुकतील. कॅमेऱ्यातली डिजिटल लेव्हल सुरू करून ठेवा, तीन-चार अंशांचा झोलही १६ मिमीवर डोळ्यांत भरतो.